अस्सल बरहुकूम नक्कल

(सीडीवरचं संगीत संगणकावर उतरवून घेण्याविषयीच्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

जुन्या खरेदीखताची नक्कल कचेरीतून आणली की तिच्या तळाशी दोन सह्या दिसतात. एक नक्कल करणाराची, दुसरी रुजुवात घेणाराची. पहिल्याने उतरवून काढायचं, दुसऱ्याने मूळ दस्त शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. मगच ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असं म्हणता येतं. रुजुवातीची सही नसलेल्या कागदाच्या भरवशावर कुणी जमिनीचा तुकडा विकत घेत नाही.

संगीताच्या सीडी संगणकावर उतरवून घेताना मात्र ही दुसरी सही आपण सर्रास विसरतो. ड्राइव्हमध्ये सीडी घातली, बटण दाबलं, पाच मिनिटांत फाइली तयार झाल्या, वाजवून पाहिलं तर गाणं ऐकू येतंय, झालं काम. ते झालेलं नसतं. ही पुस्तिका त्या दुसऱ्या सहीसाठी आहे.

हे मला फार उशिरा कळलं. माझ्या वडिलांकडे तीनशेच्या आसपास सीडी होत्या. नव्वदीच्या दशकापासून पगारातून महिन्याला एखाददुसरी अशा जमवलेल्या. मुंबईला काम निघालं की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, पुण्यात असले की अलूरकर म्युझिक हाउसमध्ये त्यांचे तास-दोन तास जात. शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, अभंग, थोडं वाद्यसंगीत. २०११ मध्ये घर लहान झालं, कपाटं कमी झाली. तेव्हा त्यांनी ओळखीतल्या एका दुकानदाराकडे सगळा संग्रह नेऊन दिला. आठवड्याभरात त्याने चार डीव्हीडी हातात ठेवल्या आणि सांगितलं, सगळं एमपी३ मध्ये आलंय. वडिलांनी समाधानाने मूळ सीडी गाण्याच्या आवडीच्या माणसांना वाटून टाकल्या.

पुढे मी त्या फाइली नीट हेडफोन लावून ऐकायला बसलो. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो तिथे मूळ मैफलीत श्वासाचीही फट नव्हती. फाइलीत तिथे एक क्षण सगळं बंद पडत होतं, तंबोरासुद्धा. तंबोऱ्याचा झंकार पाण्याखालून यावा तसा. एका नाट्यपदात ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज. आणि साथीदारांची नावं तर कुठेच नव्हती. बऱ्याच फाइलींचं नाव नुसतं ‘ट्रॅक ०३’. चार डीव्हीडीत तीनशे सीडी मावतात कशा, हा हिशेबही तेव्हाच केला. सीडीवरच्या एका तासाच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. १२८ किलोबिटचा एमपी३ केला तर त्याचे ५८ होतात. म्हणजे अकरा भागांतले दहा गेले होते. मूळ सीडी परत मागायला कोणाकोणाच्या दारात जायचं?

म्हणून पहिल्या प्रकरणात सॉफ्टवेअरच्या आधी सीडी म्हणजे काय हे समजावून घेतलं आहे. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये तिचं मानक ठरवलं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं, डावा आणि उजवा असे दोन प्रवाह ठेवायचे. हे सगळे आकडे प्लास्टिकच्या १२ सेंटिमीटरच्या चकतीत, आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेघेवर बारीक खळग्यांच्या रूपात असतात. ती रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल.

या रेघेवर फाइली नसतात. कोणतं गाणं कुठून सुरू होतं याची एक छोटी यादी आतल्या कडेला असते, बाकी सलग आकड्यांचा ओघ. संगणकाच्या माहितीसाठी वापरतात त्या सीडीवर दर २,३५२ बाइटांपैकी काही बाइट पत्त्यासाठी आणि चूकदुरुस्तीसाठी राखून ठेवलेले असतात. गाण्याच्या सीडीवर ते २,३५२ च्या २,३५२ बाइट संगीताला दिले आहेत. असे ७५ तुकडे मिळून एक सेकंद होतो. पत्ता नोंदलेला असतो, पण बाजूच्या एका अरुंद वाहिनीत, आणि तो नेमक्या मोजमापापर्यंत पोचवत नाही. सीडी प्लेअरला याचा काही त्रास नाही. तो एका टोकाने सुरू करतो आणि वाजवत सुटतो. संगणकाचा ड्राइव्ह थांबतो, आधीचं लिहून ठेवतो आणि पुन्हा वाचायला येतो, तेव्हा तो बरोबर सोडल्या जागीच उतरेल याची खात्री नसते. थोडा अलीकडे उतरला तर काही क्षण दोनदा येतात, पलीकडे उतरला तर गळतात. माझ्या वडिलांच्या फाइलीतली ‘टकटक’ बहुधा या सांध्यांचीच असावी.

दुसरी अडचण ओरखड्यांची. सीडीच्या रचनेत चूकदुरुस्तीची फार सुंदर योजना आहे: आकडे लिहिताना ते मुद्दाम विखरून ठेवलेले असतात, त्यामुळे रेघेवरचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा नासला तरी उरलेल्या आकड्यांवरून गेलेले आकडे गणिताने जसेच्या तसे परत मिळतात. नुकसान त्याहून मोठं असेल तर प्लेअर आजूबाजूचे आकडे पाहून मधले अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. ऐकताना हा उपकार आहे. नक्कल करताना मात्र हीच गोष्ट म्हणजे कसर लागलेल्या जागी कारकुनाने आपल्या मनाचा शब्द घालण्यासारखी आहे. भोक कुठे होतं हे नकलेत दिसलंच पाहिजे.

इथे मुक्त सॉफ्टवेअरची खरी करामत दिसते. क्रिस्टोफर मॉन्टगोमेरी या अमेरिकन प्रोग्रामरने, ज्यांना या क्षेत्रात सगळे ‘मॉन्टी’ म्हणतात, सीडीपॅरानॉइया नावाचं साधन लिहिलं. त्याची युक्ती ऐकायला साधी आहे. मोठ्या नकाशाचे दोन कागद जोडताना आपण कडेचा थोडा भाग एकमेकांवर चढवतो आणि नदीला नदी, रस्त्याला रस्ता जुळवतो. सीडीपॅरानॉइया प्रत्येक तुकडा असाच आधीच्यावर चढवून वाचतो आणि आकड्याला आकडा जुळेपर्यंत सरकवतो. जुळलं नाही तर पुन्हा वाचतो, पुन्हा पुन्हा वाचतो. यातही एक गोम आहे. ड्राइव्हला ‘परत वाच’ म्हटलं तर तो बरेचदा चकतीकडे जातच नाही, आपल्या स्मृतीत ठेवलेलं आधीचंच पुढे करतो. चुकीचं एकदा वाचलेलं असेल तर दोन्ही वेळा तेच जुळतं आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून चांगलं साधन आधी मुद्दाम चकतीवरचं दुसरंच काही वाचायला लावून ड्राइव्हची स्मृती धुऊन काढतं आणि मग मूळ जागेवर परत येतं.

हे सगळं चालू असताना पडद्यावर विरामचिन्हांनी काढलेला एक छोटा चेहरा असतो. सगळं सुरळीत असेल तर तो हसतो. ड्राइव्ह घसरू लागला की तोंड वाकडं करतो. ओरखडा सापडला की रडवेला होतो. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या चेहऱ्याकडे पाहत बसलो आहे. कुमार गंधर्वांच्या पंचवीस वर्षं जुन्या सीडीवर तो अर्धा तास रडवेला राहून एकदम हसला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत झोपलेल्या बायकोला उठवून सांगितलं होतं.

विंडोजवर काम करणारांसाठी जर्मनीच्या आंद्रे विथॉफ यांनी १९९८ मध्ये एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणलं. तेही तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतं आणि शेवटी एक सविस्तर नोंद लिहितं: कुठल्या ड्राइव्हने वाचलं, कोणत्या जागी शंका आली, वाचलेल्या आकड्यांवरून काढलेली बेरीज-खूण (चेकसम) काय. लिनक्सवर व्हिपर अशीच नोंद देतं. या नोंदीला आम्ही या पुस्तिकेत सरळ ‘रुजुवात-पत्र’ म्हटलं आहे. ते गाण्याच्या फाइलींशेजारी त्याच फोल्डरमध्ये कायमचं ठेवायचं. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की ही प्रत मुळाशी जुळते कशावरून, तर दाखवायला तेवढा एकच कागद असेल.

अ‍ॅक्युरेटरिप ही व्यवस्था याच्याही पुढे जाते. जगभरच्या लोकांनी आपापल्या सीडी वाचून त्यांच्या खुणा एका ठिकाणी जमा केल्या आहेत. तुमची खूण दहा अनोळखी माणसांच्या खुणेशी जुळली की शंकेला जागा उरत नाही. त्यासाठी ड्राइव्हचा सुरुवातीचा फरक आधी दुरुस्त करावा लागतो, कारण प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक मोजमापं अलीकडून किंवा पलीकडून वाचायला सुरुवात करतो. हा फरक सेकंदाच्या बारीकशा अंशाएवढा असतो, कानाला कळत नाही, पण त्याने खूण बदलते. तो काढायची रीत तिसऱ्या प्रकरणात आहे. मराठी सीडींच्या बाबतीत माझा अनुभव असा की गाजलेल्या चित्रपटगीतांना जोड सापडतो, पण आकाराने लहान प्रकाशकांच्या शास्त्रीय संगीताला पुष्कळदा तुम्हीच पहिले असता. अशा वेळी दोन वेगळ्या बनावटीच्या ड्राइव्हवर वाचून दोन्ही खुणा ताडाव्यात. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावणं.

आता कशात ठेवायचं. याचं उत्तर या पुस्तिकेत एकच आहे आणि त्यात मी तडजोड केलेली नाही: आधी फ्लॅक, मग बाकी काय हवं ते.

फ्लॅक जॉश कोल्सन यांनी लिहायला घेतलं आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती जुलै २००१ मध्ये आली. त्यातलं तत्त्व तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसाला लगेच पटेल. गायक कुठे चालला आहे याचा त्याला सतत अंदाज असतो. लक्ष द्यावं लागतं ते अंदाजापेक्षा वेगळं काही घडतं तेव्हा. फ्लॅकसुद्धा मागच्या काही मोजमापांवरून पुढचं मोजमाप काय असेल याचा अंदाज करतं आणि प्रत्यक्षातला फरक तेवढा लिहून ठेवतं. फरक लहान असतात, लहान आकड्यांना जागा कमी लागते. परत उलगडताना तोच अंदाज अधिक तोच फरक, म्हणजे मूळ आकडा, काहीही न गळता. संगीतानुसार फाइल साधारण निम्मी किंवा थोडी मोठी होते. शिवाय मूळ आकड्यांची एक खूण फाइलीच्या सुरुवातीलाच कोरून ठेवलेली असते. दहा वर्षांनी हार्डडिस्क बिघडू लागली, एखादा बिट उलटला, तर तपासणीत ती खूण चुकते आणि कळतं. रुजुवात फाइलीतच बांधून दिलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने फ्लॅकचं वर्णन आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध केलं. उद्या फ्लॅकची सगळी सॉफ्टवेअरं नाहीशी झाली तरी तो दस्त वाचून कुणीही नवं लिहू शकेल. संग्रह करणाऱ्याला याहून मोठं आश्वासन कोणतं?

एमपी३ बद्दल माझ्या मनात राग नाही, वडिलांच्या संग्रहाचं जे झालं त्यानंतरही. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं खपून काम केलं. एका मोठ्या आवाजाच्या आड झाकला जाणारा बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, मग तो लिहायचाच कशाला, हे त्यामागचं तत्त्व. त्यांची कसोटीची चीज होती सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’, साथीशिवाय एकट्या गळ्याने गायलेलं गाणं. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तो गळा पार बिघडून जाई, कारण उघड्या आवाजाला लपायला आडोसा नसतो. आपलं खयालगायन जवळपास असंच आहे. एक गळा, मागे तंबोरा, आणि जवारीतून निघणारे तंबोऱ्याचे वरचे स्वर सतत चालू. कमी बिटांत लिहिताना पहिला बळी त्यांचा जातो. तबल्याच्या आघाताचंही तसंच. थाप पडण्याच्या किंचित आधीच तिची धूसर सावली ऐकू येते, कारण एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून त्यावर काम करतो आणि चुकीचा पसारा तुकडाभर होतो. एकदा ही सावली कानाला कळली की मग ती ऐकू न येणं अवघड.

मूळ फ्लॅक जपून ठेवलेलं असेल तर फोनसाठी, गाडीसाठी खुशाल एमपी३ करावेत. त्यासाठी लेम हे साधन उत्तम. १९९८ मध्ये माइक चेंग यांनी आधीपासून उपलब्ध असलेल्या नमुना-प्रोग्रामवर सुधारणा म्हणून ते सुरू केलं. पुढच्या लोकांनी ते इतकं घासलं-पुसलं की ते जगातल्या सर्वांत चांगल्या एमपी३ साधनांत गणलं जाऊ लागलं. त्यात ठरावीक बिटदरापेक्षा गुणवत्तेची पातळी निवडावी. मग तंबोऱ्याच्या जागी ते जास्त बिट खर्च करतं, शांततेच्या जागी कमी. नवीन फोनसाठी ओपस त्याहून चांगलं. २०१२ मध्ये मानक झालेलं हे तंत्र तितक्याच बिटांत बरंच जास्त सांभाळतं, आणि पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनासारख्या बोलक्या ध्वनिमुद्रणाला तर त्यात फारच थोडी जागा पुरते. मात्र ओपस न ओळखणारे गाडीतले स्टिरिओ अजून पुष्कळ आहेत.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा. एमपी३ वरून ओपस, ओपसवरून पुन्हा एमपी३, असं करू नका. ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे. दरवेळी अक्षर पुसट होतं. आणि एमपी३ चं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, गेलेलं काही परत येत नाही. हे मी वडिलांच्या फाइलींवर करून पाहिलं आहे.

गाण्यांमधली फट हाही रूपांतराचाच विषय. एमपी३ ठरावीक मापाच्या तुकड्यांत लिहिला जातो. गाणं तुकड्याच्या मध्येच संपलं तर उरलेली जागा शांततेने भरली जाते. सुटी गाणी असतील तर बिघडत नाही. पण मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक केवळ सोयीसाठी पाडलेले असतात, गाणं एकच असतं. लेम त्या भरलेल्या जागेचं माप फाइलीत लिहून ठेवतं, पण ते वाचणारा प्लेअर हवा. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता ‘मुक्त’ या शब्दाविषयी, कारण तो वर येऊन गेला आहे आणि अनेकांना तो ‘फुकट’ असा ऐकू येतो. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं भाग्य. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे तो प्रोग्राम आतून कसा चालतो हे वाचता येतं, बदलता येतं, बदललेलं दुसऱ्याला देता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून या फरकासाठी लोक झटत आले आहेत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे, मुक्त नाही. सीडीपॅरानॉइया, व्हिपर, फ्रीएक, लेम, फ्लॅक, ऑडॅसिटी ही मुक्त आहेत. मी विथॉफ यांचं साधन मनापासून वापरतो आणि या पुस्तिकेत त्याला पूर्ण प्रकरण दिलं आहे. पण नक्कल करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तर तो कशी नक्कल करतो हे बघण्याची मुभा असावी, असं माझं मत आहे. तसे डोळे माझ्याकडे नसतील; ज्यांच्याकडे आहेत अशांना मुभा असली तरी माझं काम भागतं.

ही मुभा किती मोलाची, हे सीडीडीबीच्या हकिकतीवरून कळतं. सीडीवर गाण्यांची नावं सहसा लिहिलेली नसतात. नव्वदीच्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी एक सोय उभी केली: गाण्यांच्या सुरुवातींच्या वेळांवरून सीडी ओळखायची आणि नावं एका सामायिक यादीतून घ्यायची. ती यादी जगभरच्या हौशी लोकांनी स्वतः टाइप करून भरली. मग ती व्यापारी हातात गेली, ग्रेसनोट या नावाने चालू लागली, आणि वापरणाऱ्या प्रोग्रामांवर अटी आल्या. ज्यांनी रात्री जागून नावं भरली त्यांच्याच हातून ती गेली. त्यातून फ्रीडीबी उभी राहिली, जिची माहिती मुक्त परवान्याखाली होती. २०२० मध्ये तीही बंद झाली, पण माहिती कुणालाही उचलता येत होती म्हणून दुसऱ्यांनी ती पुढे चालू ठेवली. आज म्युझिकब्रेंझ हे काम सर्वांत काळजीपूर्वक करतं. तिथे गायक, वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रण या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद असते.

मला सर्वांत जास्त कळकळ आहे ती या नोंदींची. आपल्या सीडींच्या आतल्या कागदावर तबल्याला कोण, हार्मोनिअमला कोण, तंबोऱ्यावर कोण हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. यादीतून आपोआप येणाऱ्या माहितीत बहुतेक वेळा फक्त मुख्य गायक येतो, तोही रोमन लिपीत, एकाच गायिकेचं आडनाव तीन तऱ्हांनी. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचे रकाने पाडता येतात आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये असतो. राग, ताल, तबला, हार्मोनिअम, मैफलीचं गाव, तारीख असे रकाने करा आणि देवनागरीत भरा. एमपी३ च्या सर्वांत जुन्या पद्धतीत शीर्षकाला ३० बाइट असत. देवनागरी अक्षरचिन्हाला युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात, म्हणजे दहा चिन्हांत शीर्षक संपवायचं. जुन्या स्टिरिओंवर मराठी नावं अर्धवट दिसायची, त्याचं एक कारण हेही. आता ती अडचण उरलेली नाही.

उरली आहे एक खास मराठी अडचण. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, एकदा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ तुम्ही एका तऱ्हेने नोंदवलं आणि मुलाने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर त्याला ते घरात असूनही सापडणार नाही. संग्रहाच्या सुरुवातीलाच एक तऱ्हा ठरवून घ्यावी. पुस्तिकेत पहिली वापरली आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापरासाठीच्या रास्त उपयोगाला मुभा आहे. आपल्या पैशाने घेतलेल्या सीडीची आपल्यासाठी केलेली प्रत मी त्यात धरतो. तीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाठवणं यात बसत नाही, आणि ज्या छोट्या प्रकाशकांनी तोटा सोसून हे गाणं आपल्यापर्यंत आणलं त्यांच्याशी ते बरंही नव्हे.

घाई कशाला, असं कुणी म्हणेल. नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा ड्राइव्ह नसतो, बाहेरून जोडायचा मिळतो तोवर मिळतो. आणि सीडी अमर नाही. तिचा अ‍ॅल्युमिनिअमचा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्याहून घातक. कोकणातल्या दमट हवेत कडेने हवा शिरली की तो थर काळवंडतो. छापील सीडी त्यातल्या त्यात टिकाऊ. घरी किंवा दुकानात ‘राइट’ करून घेतलेल्या सीडींवर मात्र खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो, आणि उन्हाने, उष्णतेने तो उडतो. आपल्याकडे भजनी मंडळाचं मुद्रण, आजोबांचं भाषण, बारशातली गाणी, सगळं अशाच सीडींवर आहे. म्हणून काम सुरू करताना दुकानातून घेतलेल्या छापील सीडींना हात लावू नका. मार्कर पेनने नाव लिहिलेल्या सीडी आधी काढा. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

माझ्याकडे तशी एक होती. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मावशीने कॅसेटवर भरलेल्या, २००४ मध्ये कुणाकडून तरी सीडीवर करून घेतलेल्या. वर निळ्या शाईत फक्त ‘आई’. पहिले सहा ट्रॅक सुखरूप आले. सातवा बाहेरच्या कडेला होता, तिथे रंग फिका पडला होता. एका ड्राइव्हने तो नाकारला. दुसऱ्यावर सीडीपॅरानॉइया रात्री नऊला लावलं. सकाळी सातला उठून पाहिलं तर चेहरा अजून रडवेलाच होता, पण हलत होता. साडेआठच्या सुमारास काम संपलं. पाच मिनिटांच्या ट्रॅकमधले दोन सेकंद वाचता आले नाहीत. आजी एका ओवीत माहेरच्या वाटेवरच्या गावाचं नाव घेते, तिथलेच. ती जागा मी बुजवलेली नाही. फाइलीतल्या ‘टीप’ या रकान्यात लिहून ठेवलं आहे: तिसऱ्या मिनिटानंतर दोन सेकंद मूळ सीडीवर नासलेले, गावाचं नाव ऐकू येत नाही, मावशीच्या सांगण्यावरून ते कळवे असावं.